वीरगळापाशी एक श्रोता

"या वीराला जग कधीही विसरणार नाही!" औशाच्या शिवारातल्या कोरीव वीरगळापुढं इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक अनंतराव गरजले. वीराचं नाव त्यांनाही ठाऊक नव्हतं. श्रोत्यांत एकटी नागुबाई, दगडाला टेकून बसलेली.

"हे बघा, खाली लढाई. मधे अप्सरा त्याला घेऊन चालल्यात. वर स्वर्ग."

"आन् बायकू?"

"तिला कोरत नाहीत."

"म्हंजे मागं एकलीच ऱ्हायली म्हना."

अनंतराव गहिवरले. पत्नी गेल्यापासून त्यांचं बोलणं इतकं शेवटपर्यंत कुणी ऐकलंच नव्हतं.

"बाई, आणखी काही विचारा ना."

"इचारायचं काई न्हाई, गुर्जी. तेवढी सरपनाची मोळी डोक्यावर उचलून द्या. कवापासून बसून ऱ्हायले, इकडं माणूसच फिरकंना."