नेलिदाला आलेली हाक

घशाच्या ऑपरेशननंतर फाउस्तीनोचा आवाज कायमचा गेला. ज्याचा टँगो ऐकायला एके काळी अख्खं बुएनोस आयरेस लोटायचं, तो आता बायकोशी, नेलिदाशी, खाणाखुणांनी बोलायचा.

त्या रविवारी दुपारी बोएदो वस्तीतल्या क्लबात त्याच्या जुन्या वाद्यवृंदाने त्याचा सत्कार ठेवला. नेलिदाने त्याला बळेच नेलं. "नुसता उभा राहा. लोकांना तुझं तोंड तरी दिसू दे!"

तो मंचावर माइकपुढे उभा राहिला. वाद्यवृंदातल्या ओब्दुलिओने बांदोनिऑनचा, म्हणजे टँगोच्या हातपेटीचा, भाता ओढला, आणि फाउस्तीनोच्या तरुणपणीच्या आवाजात गाणं सुरू झालं.

फाउस्तीनोचे ओठ मिटलेलेच होते.

"लबाडा, बरा झालास आणि बोलला नाहीस!" ओब्दुलिओ रडत रडत म्हणाला. फाउस्तीनो जिवाच्या आकांताने नाही-नाही अशी मान हलवत राहिला. लोक टाळ्या पिटत राहिले.

गाणं संपलं. मग दाराकडून तोच आवाज लाडात म्हणाला, "नेली, चल घरी."

पहिल्या रांगेतली नेलिदा डोळे पुसत उठली. धडपडत खाली उतरलेल्या नवऱ्याच्या शेजारून, त्याच्याकडे न बघताच ती दाराशी गेली. तिथे कुणीच नव्हतं. कुणाच्या तरी दंडात घालावा तसा तिने हात हवेत अडकवला आणि हसत बाहेर पडली.

तिला हाक मारायला फाउस्तीनोने तोंड उघडलं.