ट्रेलरची वायर

वायर खिडकीच्या गजात अडकली. विठोजी बाहेरून ढकलत होते, पण ती आत यायला तयार नव्हती.

"स्वल्प थांबा, मी ओढते," पलंगावरून सुनंदाबाई म्हणाल्या.

"अजिबात उठायचं नाही! नळी निघेल."

नळी म्हणजे ऑक्सिजनची. गेल्या उन्हाळ्यापासून ती सुनंदाबाईंच्या नाकाशी होती आणि तिच्या दुसऱ्या टोकाला हवेतून ऑक्सिजन काढणारं, दिवसरात्र घुरघुरणारं विजेचं मशीन. नळी पुरेल तिथवर त्यांचं जग. पलंग, खुर्ची, फार तर खिडकी. विठोजींचं जगही त्याहून काही मोठं उरलं नव्हतं. जे. पी. नगरात करंट कधी जाईल याचा नेम नाही. घरातला यूपीएस दिवे-पंखे कसेबसे ओढायचा, मशीन लावलं की मान टाकायचा. मग विठोजी धापा टाकत सिलिंडर ओढून आणायचे आणि नेमकी तेव्हाच त्याची चावी फिरायची नाही. मागच्या खेपेला सुनंदाबाईंचे ओठ निळे पडले होते. तेव्हापासून विठोजी दूध आणायलाही फाटकाबाहेर गेले नव्हते. भिंती अंगावर आल्यासारख्या वाटत. पण सांगणार कोणाला? खरी कोंडलेली तर पलंगावर होती.

आणि अंगणात ट्रेलर उभा होता. जीपच्या मागे जोडायची चाकांवरची खोली. आत दोन बाक, शेगडी, खिडक्यांना सुनंदाबाईंनी शिवलेले पिवळे पडदे. विठोजी निवृत्त झाले तेव्हा दोघांनी हौसेने बांधून घेतला, आणि आजारपणाने नेमका तोच मुहूर्त साधला. ट्रेलर एकदाही फाटकाबाहेर पडला नाही. "विकून टाका अप्पा, उगाच जागा अडते," इलेक्ट्रॉनिक सिटीत राहणारा अभिराज दर रविवारी येऊन सांगायचा. विठोजी "सरी, सरी" म्हणत होकारार्थी मान डोलवायचे आणि मुलाला कॉफी द्यायचे.

या आठवड्यात त्यांना युक्ती सुचली. त्यांनी ट्रेलरच्या टपावर सोलर पॅनेल चढवले. तारा टपातून आत घेतल्या, बाकाखालच्या मोठ्या लिथियम बॅटरीला जोडल्या, शेजारी इन्व्हर्टर बसवला. तिथून एक जाड वायर अंगण ओलांडून बेडरूमच्या खिडकीपर्यंत आणली, मशीनसाठी. तिच्यासोबत एक बारीक वायर, बॅटरीच्या मॉनिटरची. तो ट्रेलरमध्ये न लावता सुनंदाबाईंच्या उशाशी लावायचा होता, म्हणजे बॅटरी किती उरली ते बसल्या जागी दिसलं असतं. ट्रेलर आता हलणार नव्हता. वायरी बांधताना विठोजींनी पिवळ्या पडद्यांकडे पाहायचं टाळलं आणि गाठी घट्टच मारल्या.

अखेर वायर आत आली. विठोजींनी मशीन तिला जोडलं, मॉनिटर भिंतीला धरला आणि घराचा मेन स्विच पाडून आले. पंखा थांबला. फ्रिज गप्प झाला. मशीन मात्र घुरघुरतच राहिलं.

"ऐकलंस?" विठोजींचा चेहरा कित्येक महिन्यांनी फुलला होता. "आता हे ट्रेलरच्या बॅटरीवर चाललंय. आणि हा आकडा बघ. सहा तास. ऊन असलं तर आणखी. आता कितीही करंट जाऊ दे, तुला इथून हलायची गरज नाही."

सुनंदाबाईंनी आकड्याकडे पाहिलं. मग खिडकीबाहेर, पिवळ्या पडद्यांकडे.

"आणि मशीन ट्रेलरमध्येच ठेवलं तर?"

"तर काय, तसंच चालेल," विठोजी स्क्रू शोधत म्हणाले. "उलट जरा जास्तच चालेल. एवढी लांब वायर नको, की वायरीत वीज वाया जायला न..."

ते बोलता बोलता थांबले. हातातला मॉनिटर तसाच भिंतीला टेकलेला राहिला.

"अगं, भलतंच काय? रस्त्यात कसं जमायचं?"

"रस्त्यात जीपमध्ये सिलिंडर. पोचलं की मशीन." सुनंदाबाईंना दम लागला, पण त्या थांबल्या नाहीत. "डॉक्टरांना मी सोमवारीच फोनवर विचारलंय. जवळपास जा म्हणाले. कावेरीकाठी जाऊ, एक दिवस."

"मला विचारलं नाहीस ते!"

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

विठोजी खाली बसले. "आणि तिथे काही झालं म्हणजे?"

"इथे झालं नाही का?"

एवढे महिने आपण दाराशी बसून हिची राखण केली, की हिला कोंडून ठेवलं, हेच विठोजींना उमगेना. त्यांनी मान खाली घातली.

सुनंदाबाईंनी हात लांब करून त्यांच्या केसांत अडकलेला वायरीचा तुकडा काढला.

"एवढं अंगण ओलांडून वायर माझ्यापर्यंत ओढत आणलीत," त्या म्हणाल्या, "त्यापेक्षा मलाच तिकडे न्यायचं की हो."