हिरवं लुगडं

"ह्या जिवाला दसरा दिसणार नाही," पत्रिका पाहून जोशीबुवा म्हणाले. शहापुरातला विणकर भरमाप्पा घरी आला तो थेट मागावरच बसला. जन्मभर पेढीची लुगडी विणली, बायको तुळसाक्काला एकही नाही. आपल्यामागं तिला हिरवं नेसता येणार नाही, म्हणून तिच्यासाठी हिरवंगार लुगडं त्यानं जिवाच्या आकांतानं विणलं आणि घटस्थापनेला मागावरून उतरवलं. घडी ठेवायला पेटी उघडली, तर त्याची पत्रिका तळाशीच! जोशीबुवांकडं नेलेली तुळसाक्काची होती.

लुगडं घेऊन तो तिच्यापुढं येऊन बसला.

"मला पयल्या दिवशीच कळलंतं," लुगड्यावरून हात फिरवत तुळसाक्का म्हणाली. "म्हटलं, विणू दे. सवाष्णीला जाताना हिरवंच लागतंय की."