बिबड्यांवरची वायर

"बंद कर. दहा मोज. चालू कर."

सुलक्षणाचा नवरा कुंदन हे तिसऱ्यांदा सांगत होता. भुसावळच्या ऑफिसातून, मागे पंखा घरघरत असताना. सुलक्षणाने फोन खांदा आणि कानाच्या मध्ये दाबून धरला, वायफायच्या डब्याचं बटण बंद केलं, मोजलं, चालू केलं. हिरवे दिवे एकेक करून लागले. शेवटचा लालच राहिला.

"लालच आहे."

"तू काहीतरी ओढलं असशील. झाडताना झाडू लागला असेल."

"मी आज झाडलेलंच नाही अजून."

"मग नीट दाबत नसशील. परत कर."

अकराला पाच कमी होते. अकराला तिचा नोकरीसाठीचा ऑनलाइन डेमो होता, दहावीचं विज्ञान, प्रकाशाचा धडा. क्लासवाले पुण्याचे. डेमो कॉम्प्युटरवरूनच द्यायचा, असं त्यांनी बजावलं होतं. तिने मोबाइलचं नेट जोडूनही पाहिलं, पण या आतल्या खोलीत चित्र थिजत होतं. पडद्यावर तिचाच चेहरा अडकला होता, तोंड अर्धं उघडं. इस्त्रीची साडी, मागे भिंतीवर तिने हाताने काढलेलं भिंगाचं चित्र. लेक चार वर्षांची झाली तेव्हा कुठे हे पहिलं बोलावणं आलं होतं.

कंपनीच्या माणसाला तिने आधीच फोन केला होता. तो म्हणाला, "लाल दिवा म्हणजे लाइन कुठेतरी तुटलीय किंवा दबलीय, मॅडम. आमचा माणूस संध्याकाळपर्यंत येईल."

कुंदनला हे सांगितलं, तर तो म्हणाला, "ते काहीही सांगतात."

तिने फोन ठेवला. डब्यातून निघालेली काळी बारीक वायर बोटात धरली आणि तिच्या मागे निघाली. वायर खिडकीतून बाहेर गेली होती, भिंतीवरून वर, गच्चीकडे. साडीच्या निऱ्या मुठीत धरून ती जिना चढली.

गच्चीवर बिबडे घालणं चाललं होतं. जुन्या साड्या अंथरल्या होत्या, त्यांवर ज्वारीच्या पापडांच्या ओल्या चकत्या. तिची सासू वच्छलाबाई भांड्यातून शिजवलेल्या पिठाचा घाटा काढून देत होती, शेजारच्या सुनंदाबाई आणि कौतिकअक्का थापत होत्या. लेक एका कोपऱ्यात वाटीतला गरम घाटा तेल घालून खात बसली होती.

"ये व, घाटा खाय," सुनंदाबाई म्हणाली. "नटून कुठं चालली?"

सुलक्षणा वर पाहत होती. खांबावरून येणारी वायर रोज गच्चीवरून सरळ जायची. आज ती बाजूला ओढून पाण्याच्या टाकीच्या पाइपला बांधली होती. दुमडून, वर चिंधीने आवळून. दुमडलेल्या जागी वायर चपटी झाली होती.

"ही कोणी बांधली?"

"चांगली बांधली न?" वच्छलाबाई म्हणाली. "कुंदननं. सकायी, भुसावळले जायच्या आधी. मी म्हन्लं, बापा, कावये बसतात वायरीवर, अन् खाली बिबडे. त्यानं दोन मिन्टात काम केलं."

"नशीब काढलं तुम्ही," सुनंदाबाई म्हणाली. "आमचा पोऱ्या गच्चीवर नुसता पापड खायाले येतो."

तिघी हसल्या. सुलक्षणाच्या हातातला फोन वाजला.

"लागलं का?" कुंदन म्हणाला. "दहा मोजलेस ना नीट?"

"तुम्ही सकाळी टाकीच्या पाइपला काय बांधलं?"



"अगं, आईच म्हणाली. आणि वायर बांधल्याने नेट जातं होय? ती काय पाण्याची नळी आहे?"

"आत काच असते. दुमडली की प्रकाश पुढे जात नाही."

"तुला कोणी सांगितलं?"

सुलक्षणाने फोन कानापासून दूर धरला. आतून कुंदन "हॅलो, हॅलो" करत होता. तिने तो बंद केला. बंद करता करताच पडद्यावर पुण्याच्या क्लासचा निरोप उमटला. आपण उपस्थित नसल्याने आपली वेळ पुढच्या उमेदवाराला दिली आहे, धन्यवाद.

ती टाकीपाशी गेली. चिंधीची गाठ नखांनी सुटेना, तेव्हा दातांनी सोडवली. वायर झटक्यासरशी वर गेली आणि जुन्या जागी, बिबड्यांच्या बरोबर वर, हलत राहिली. मधली चपटी घडी मात्र तशीच होती.

"सोडली काहून व?" वच्छलाबाई उठू लागली. "आता कावये येतीन न."

"माझा डेमो गेला, आई."

"एक दिवसाचं नेट गेलं त काय झालं? उद्या येईन. बिबडे नासले त ते परत होतीन का?"

शेजारच्या कडुलिंबावरून एक कावळा उडाला, गच्चीवर एक घिरटी घातली आणि वायरीवर येऊन बसला. पंख मिटले. मान तिरकी करून त्याने खाली पाहिलं.

"हाकल व त्याले," वच्छलाबाईचे दोन्ही हात घाट्याने भरले होते. "काठी तुह्याजवयच शे."

काठी होती, कठड्याला टेकवलेली. सुलक्षणाने ती उचलली. जिन्याच्या दारापर्यंत चालत गेली, काठी दाराआड नीट उभी केली आणि लेकीचा तेलकट हात धरून खाली उतरली.