मे महिन्यातला स्वेटर

संशोधक वृषाली हजार प्रथिनांच्या गर्दीतून हवं ते एकच वेगळं काढते, तेही कडाक्याच्या थंड खोलीत. म्हणून सुट्टीला कळंबला आली की भर मे महिन्यात ती मंचरला सुवालालशेठच्या दुकानात स्वेटर मागते.

"हजारातनं एक निवडायचं काम तुझं," सोबत आलेले तिचे वडील सोपानतात्या घाम पुसत कुरकुरले, "अन् इतकी स्थळं दाखवली, त्यातनं एक पोरगा निवडता येईना व्हय?"

"नेहमीचंच माप ना, ताई?" शेठनी हसू दाबत विचारलं.

"हो. अन् एक पुरुषाचाही दाखवा, आमच्या थंड खोलीत दोघं असतो."

 

शेठनी काढलेला स्वेटर वृषालीनं वडिलांपुढे धरला. "तात्या, जरा घालून बघता? अंगानं तो तुमच्याएवढाच आहे."