अंगणातला नळ

सुट्टीत मुलांसाठी ‘पाण्याची गंमत’ हा कार्यक्रम ठरवायला वाचनालयात बैठक बसली होती. पोहण्याचे मास्तर, अग्निशमन दलाचा जवान, रोपवाटिकेची बाई, सगळे आपण काय देणार ते सांगून मोकळे झाले. राहिली शेजारच्या मोठ्या घरातली आजी. वाचनालयाची टाकी टीचभर, तेव्हा पाणी तिच्याकडूनच यायचं होतं.

“आजी, तुमच्या अंगणातल्या नळाला पाइप लावू आणि कुंपणावरून इकडे घेऊ. तुम्हाला उठायचीसुद्धा गरज नाही,” ग्रंथपाल बाई म्हणाल्या.

“तो नळ बिघडलाय. स्वयंपाकघरातला चालतो. पोरांनी घरात यावं आणि बादल्या भरून न्याव्यात.”

“अहो, घरभर चिखल करतील!”

“घर माझं, फरशी माझी. तुमच्या पोटात का दुखतंय?”

“आणि दिवसभरचा आरडाओरडा?”

“मला कमी ऐकू येतं,” आजीने ठोकून दिलं. खरं तर कान चांगले तिखट होते, पण घरात बोलणारंच कुणी उरलं नव्हतं.

जवान उठलाच. “नळाचं काय एवढं? आत्ता येतो आणि चुटकीसरशी दुरुस्त करून देतो.”

“आत्ता नको,” आजी घाईने म्हणाली. “उद्या ये. अंगण झाडायचं राहिलंय.”

घरी येऊन तिने केरसुणीला हातही लावला नाही. हातोडी शोधली आणि सबंध सुट्टीत दुरुस्त होऊ नये अशा बेताने त्या धडधाकट नळावर पहिला घाव घातला.