मिश्री टाकलेल्या बायका

सकाळची एसटी धरायच्या गडबडीत वैष्णवीचे दात घासायचे राहूनच गेले. डोकं ठणकत होतं. तरी राणीसावरगावच्या समाजमंदिरात शिरताना तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

कारणही तसंच होतं. सरकारी पैशातून व्यसनावर संशोधन चाललेलं आणि ऊसतोडीला जाणाऱ्या चाळीस बायकांची मिश्री, म्हणजे दाताला घासायची भाजलेली तंबाखू, सोडवायचं काम तिच्याकडं. आज त्यांच्या थुंकीची तपासणी. तपासणीच्या पट्ट्या पांढऱ्या राहिल्या की तिची युक्ती जिल्हाभर लागू होणार, आणि त्या कामाची मुख्य वैष्णवीच.

बाकीच्या गावांत ह्याच कामावरच्या ताया भाषणं ठोकून थकल्या. हिनं काय केलं? मिश्री काढून घेतली आणि लहानपणापासून स्वतः लावते ते बाजारातलं लाल मंजन बायकांच्या हाती दिलं. बोटाची सवय बोटालाच राहू द्यावी, उगं भांडण कशाला? तीन महिन्यांत चाळीसच्या चाळीस जणींनी मिश्री टाकली. एकीनं कुरकुर केली नाही. उलट मंजनाच्या डब्या कमी पडायला लागल्या.

पहिली आली छबूबाई, टोळीतली सगळ्यात वडील.

"ताई, तोंड का उतरलंय?"

"डोकं दुखायलंय, मावशी. थुंका हितं."

पट्टी निळी झाली. निळी म्हणजे तंबाखू; चार दिवसांमागची असली तरी पट्टी पकडते. दुसरीची निळी. तिसरीचीही. वैष्णवीला रागच आला.

"चोरून लावता न्हवं? मी तुमच्यावर भरोसा ठेवला, मावशी."

"लेकराची आण, हात लावला न्हाई," छबूबाई म्हणाली. "तुझी पट्टीच खोटी हाय."

"लय शानी हायेस तर तुझी तपास की," मागून कुणीतरी बोललं.

वैष्णवीला हसू आलं. माळकऱ्याची लेक ती, जन्मात सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलं नव्हतं. तिनं नवी पट्टी ठसक्यात जिभेला लावली आणि सगळ्यांना दिसेल अशी वर धरली.

पट्टी निळीशार होती.

छबूबाईनं कमरेची मंजनाची डबी काढून तिच्यापुढं धरली.

"घे चिमूटभर, पोरी. आमचंबी डोकं दुखायचं ह्यानंच ऱ्हातंय."